प्रश्न विचारता येतो, उत्तर ऐकू येत नाही

स्पॅनिशचा वर्ग तीन-चार महिने केलेल्या माणसाला 'स्टेशन कुठे आहे?' एवढं नक्की विचारता येतं. 'दोंदे एस्ता ला एस्तासिओन?' हे वाक्य त्यानं इतक्यांदा घोकलेलं असतं की ते सफाईनं बाहेर पडतं, आणि तिथेच घोटाळा होतो. समोरच्या मेक्सिकन माणसाला वाटतं, याला भाषा येते. तो त्याच्या नेहमीच्या चालीनं सांगू लागतो: सरळ जा, दुसरा चौक ओलांडा, औषधाच्या दुकानापाशी डावीकडे वळा. यातला एकेक शब्द वर्गात झालेला असतो. कागदावर लिहून दिलं असतं तर विद्यार्थ्यानं न अडखळता अर्थ सांगितला असता. कानावर मात्र एक सलग धार येते, तिच्यातून एखादा ओळखीचा तुकडा वर येतो न येतो तोच बुडतो, आणि संभाषण एका प्रश्नावरच संपतं. नवशिक्यांना आणि त्यांच्या शिक्षकांनाही या प्रसंगाचं निदान 'बोलण्याचा सराव कमी पडतोय' असं करायची सवय असते. पण बोलणं तर जमलं होतं. अडलं ते ऐकण्यापाशी. स्पॅनिश संभाषणाची सुरुवातीची तयारी मुख्यतः कानाची तयारी असावी, आणि ती 'भरपूर ऐका' अशा ढोबळ सल्ल्यानं होणारी नसून अगदी लहान तुकड्यांवर, बोलण्याच्या जोडीनं व्हावी, हे या प्रस्तावनेत मांडायचं आहे.

आधी वेगाची तक्रार पाहू, कारण ती सगळेच करतात. 'हे लोक फार भरभर बोलतात.' ही तक्रार अगदीच खोटी नाही. पेलेग्रिनो, कूपे आणि मार्सिको या संशोधकांनी २०११ साली सात भाषांच्या बोलण्याचा वेग मोजला. स्पॅनिश बोलणारे सेकंदाला सरासरी ७.८२ अक्षरं उच्चारतात आणि इंग्रजी बोलणारे ६.१९, असं त्यांना आढळलं. इथे अक्षर म्हणजे उच्चारातला एक ठोका. त्या यादीत स्पॅनिशच्या किंचित पुढे फक्त जपानी होती. इंग्रजी ऐकायला सरावलेल्या कानाला स्पॅनिश धावती वाटते ती अशी, आकड्यांसकट. पण त्याच अभ्यासाची दुसरी बाजू तक्रार करणाऱ्यांपर्यंत सहसा पोचत नाही. स्पॅनिशच्या एका अक्षरात माहिती कमी मावते. २०१९ साली सतरा भाषांवर झालेल्या पुढच्या अभ्यासात असं दिसलं, की अक्षरांचा वेग कितीही वेगळा असला तरी सेकंदाला पोचणारी माहिती सगळीकडे साधारण सारखीच, ३९ बिटांच्या आसपास असते. म्हणजे स्पॅनिश माणूस अक्षरं जास्त खर्च करतो, मजकूर तेवढाच सांगतो. त्यामुळे एखादं अक्षर निसटलं तरी सगळं हातचं जात नाही. आणखी एक सोपी परीक्षा करून पाहता येते. ध्वनिमुद्रण पाऊणपट वेगानं लावून ऐका. थोडी उसंत मिळते, पण न कळलेला भाग बहुधा न कळलेलाच राहतो. वेग हेच मूळ दुखणं असतं तर असं झालं नसतं.

मूळ दुखणं शब्दांच्या सांध्यांत आहे. 'आज रात्री काय करणार आहेस?' हे वाक्य घ्या. छापील स्पॅनिशमध्ये त्यात सहा शब्द आहेत आणि ते सुटे सुटे उच्चारले तर असे होतात: के, वास, आ, आसेर, एस्ता, नोचे. बोलताना 'वास'मधला शेवटचा स पुढच्या आ-ला जाऊन चिकटतो. तो आ पुढच्या 'आसेर'च्या आ-मध्ये विरून जातो, कारण 'आसेर' लिहिताना आरंभी जे मुकं अक्षर असतं त्याला उच्चारच नाही. 'आसेर'मधला र 'एस्ता'च्या ए-वर जाऊन बसतो. ऐकू येतं ते 'केवासासेरेस्तानोचे'. सुट्या शब्दांत नऊ ठोके होते, बोलण्यात आठच उरले. आणि 'सासे', 'रेस' असे तुकडे कानात पडले, जे कुठल्याही शब्दकोशात सापडणार नाहीत. हे घाईचं किंवा गावठी बोलणं नव्हे. व्यंजनानं संपणाऱ्या शब्दानं पुढच्या स्वराला ओढून घेणं आणि दोन शब्दांचे स्वर एका ठोक्यात मिळून जाणं, हा स्पॅनिशचा प्रमाण नियम आहे. बातम्या देणारी निवेदकही असंच बोलते. 'एल ओतेल' म्हणजे हॉटेल, ते 'एलोतेल' होतं. अनेकवचनात 'लोसोतेलेस' होतं आणि नवशिका 'सोतेलेस' या न शिकलेल्या शब्दाचा अर्थ शोधत बसतो, तोवर पुढची दोन वाक्यं गेलेली असतात.

मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. आपण 'काय करतो आहेस' असं लिहितो आणि 'काय कर्तोयस' असं बोलतो. मराठी शिकणारा जर्मन विद्यार्थी त्या 'तोयस'पाशी असाच अडखळतो. उलट आपल्या हाताशी एक साधन आहे, ते इंग्रजीतून स्पॅनिश शिकणाऱ्याला मिळत नाही: देवनागरी. आपली लिपी अक्षराचा ठोका लिहिते, व्यंजन पुढच्या स्वराला जोडून दाखवते, आणि रोमन लिपीतल्या शब्दांमधल्या मोकळ्या जागांचा भ्रम तिच्यात घालावा लागत नाही. पाच-सहा सेकंदांचं एक वाक्य ऐकायचं आणि जसं कानावर आलं तसं देवनागरीत उतरवायचं, अर्थ लागो न लागो. शाळेतलं श्रुतलेखनच ते. मग छापील मजकूर समोर ठेवून कुठल्या सांध्याशी कान फसला ते पाहायचं. आठ-दहा वाक्यांत लक्षात येतं की चुका विखुरलेल्या नाहीत. त्याच त्या दोन-तीन प्रकारच्या सांध्यांवर पुन्हा पुन्हा होतात. देवनागरीची एक खोड मात्र आधीच मोडावी लागते. आपण शब्दाच्या अखेरचा अ गिळतो, स्पॅनिशमध्ये गिळायला अ नाहीच. तिथे पाच स्वर आहेत आणि ते शब्दाच्या टोकालाही तितकेच भरीव राहतात. त्यामुळे 'उद्या' या अर्थाचा शब्द 'मान्याना' असाच लिहायचा, 'मन्याना' नाही. आणि पायमोड्या व्यंजनाचा पाय मोडलेला दाखवायचाच.

देवनागरी जिथे हात टेकते ती जागाही सांगितली पाहिजे, कारण नेमका तिथेच मराठी कान सगळ्यात कच्चा असतो. स्पॅनिशमध्ये जोर कुठल्या अक्षरावर पडतो यावर अर्थ बदलतो. 'आब्लो'तल्या आ-वर जोर दिला तर 'मी बोलतो', ब्लो-वर दिला तर 'तो बोलला'. 'पापा'च्या पहिल्या अक्षरावर जोर म्हणजे लॅटिन अमेरिकेत बटाटा, दुसऱ्यावर म्हणजे बाबा. 'तेर्मिनो' हा शब्द तर तिन्ही अक्षरांवर आळीपाळीनं जोर देऊन म्हणता येतो: एकदा 'संज्ञा', एकदा 'मी संपवतो', एकदा 'त्यानं संपवलं'. मराठीत जोर बदलून शब्द बदलत नाही, म्हणून आपला कान तिकडे लक्षच देत नाही. फार तर जोराचा स्वर दीर्घ आहे असं समजून पुढे जातो. भाषेनं न शिकवलेला भेद कानाला खरोखर ऐकू येत नाही, याला चांगला पुरावा आहे. दुपू आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली फ्रेंच आणि स्पॅनिश भाषकांना केवळ जोराच्या जागेनं वेगळे होणारे निरर्थक शब्द ऐकवले. फ्रेंचमध्ये जोर अर्थ बदलत नाही. स्पॅनिश भाषकांना जे सहज ओळखता आलं, तिथे फ्रेंच भाषक अडखळले, आणि त्यांच्या कानात वैद्यकीय दोष काही नव्हता. आपली स्थिती हुबेहूब त्यांच्यासारखी आहे असं म्हणता येणार नाही, पण सावध होण्यापुरतं साम्य आहे. म्हणून श्रुतलेखनात जोराच्या अक्षराखाली रेघ ओढायची सवय पहिल्या आठवड्यापासून लावावी. भूतकाळ शिकवताना ती लावायला गेलं तर उशीर होतो. तोवर 'मी' आणि 'तो' कानात एक झालेले असतात.

आकड्यांचंही असंच. सेसेंता म्हणजे साठ आणि सेतेंता म्हणजे सत्तर, एका व्यंजनाचा फरक. दोस म्हणजे दोन आणि लॅटिन अमेरिकी उच्चारात दोसे म्हणजे बारा. 'दोन तास' हे 'दोसोरास' असं ऐकू येतं आणि 'बारा तास' हे 'दोसेओरास' असं. रात्रीच्या बसची चौकशी करणाऱ्याला हा फरक कळलेला बरा. आकडे पाठ म्हणता येणं आणि आकडे ऐकू येणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि वर्गात पहिलीचीच परीक्षा होते.

मराठी भाषकाकडे जमेच्या गोष्टी काय आहेत हे इथे सांगायला हवं, कारण आपल्याकडचे बहुतेक विद्यार्थी स्पॅनिशकडे इंग्रजीच्या दारातून जातात आणि हातचं गमावून बसतात. पुस्तकं इंग्रजी, अ‍ॅपमधली सूचना इंग्रजी, रोमन लिपी इंग्रजीच्या सवयीनं वाचलेली. त्यामुळे 'तू'चं 'टू' होतं आणि 'दोंदे'चं 'डोंडे'. वास्तविक स्पॅनिशचे त आणि द दातांवरचे, आपल्यासारखे. प, त, क यांच्यात इंग्रजीसारखा श्वासाचा झोत नाही. आपल्या प, त, क-मध्येही नाही. 'पेरो' म्हणजे 'पण' आणि 'पेर्रो' म्हणजे 'कुत्रा', यांतला फरक इंग्रजी भाषकाला महिनोन्‌महिने छळतो. 'भुर्रकन' म्हणणाऱ्याच्या जिभेला तो नवा नाही. दोन स्वरांमध्ये येणारा ब ढिला पडून ओठांनीच काढलेल्या व-कडे झुकतो, आणि लिपीत ब-व अशी दोन अक्षरं असली तरी उच्चार एकच आहे, हे एकदा समजलं की कोडं सुटतं. त्याहून मोठी जमेची बाजू क्रियापदाची. मराठीत 'येतोस का?' एवढं म्हटलं की 'तू' आपोआप कळतो. आपण कर्ता क्रियापदाच्या शेपटीतून ऐकतो. स्पॅनिशही तेच करते: आब्लो, आब्लास, आब्ला. इंग्रजीच्या सवयीनं ऐकणारा वाक्याच्या आरंभी सर्वनामाची वाट पाहत राहतो, ते येतच नाही, आणि शेपटी ऐकायची राहून जाते. मराठी कानानं ऐकलं तर ही अडचण उरत नाही. आदरार्थी 'उस्तेद' आणि सलगीचा 'तू' यांचा भेद आपल्याला शिकवावा लागत नाही, कुठे कोणता चालतो एवढंच शिकवावं लागतं. बोगोतात जवळचे मित्रही एकमेकांना 'उस्तेद' म्हणताना आढळतात, हे ऐकून आपल्याकडच्या काही घरांतले नवरा-बायको आठवतील. गोव्याकडून आलेल्या पोर्तुगीज शब्दांचा मात्र जितका गवगवा होतो तितका उपयोग नाही. साबण आणि स्पॅनिश 'हाबोन' हे भाऊभाऊ आहेत खरे, पण ते नातं डोळ्यांना दिसतं. कानाला 'हाबोन'मधून साबण ऐकू यायला आधी ते नातं माहीत असावं लागतं.

आता पहिला आक्षेप. एवढी चिरफाड कशाला, मुलं जशी शिकतात तसं भरपूर ऐकत राहावं, कान आपोआप तयार होईल. या मताला वजन आहे. स्टीफन क्रॅशन यांनी १९८०च्या दशकात मांडलं की भाषा अंगी भिनते ती कळणारा मजकूर ऐकून-वाचून, नियम घोकून नाही. 'ड्रीमिंग स्पॅनिश'सारखा आजचा लोकप्रिय उपक्रम याच पायावर उभा आहे: चित्रं काढत, हातवारे करत, संथपणे सांगितलेल्या शेकडो गोष्टी. नवशिक्यांसाठी ही सामग्री उत्तम आहे, आणि तिच्याशी या प्रस्तावनेचं भांडण नाही. अडचण 'कळणारा' या शब्दाकडे दुर्लक्ष होतं तिथे येते. क्रॅशन यांचा सगळा भर आपल्या पातळीच्या जरासं पुढे असलेल्या मजकुरावर होता. आपल्याकडे त्याचं रूपांतर 'दिवसभर स्पॅनिश रेडिओ लावून ठेवा' यात झालं. स्वयंपाक करताना मागे चालू असलेलं 'रादिओ आम्बुलान्ते' ऐकून नवशिक्याच्या पदरात भाषेची चाल पडते, शब्द पडत नाहीत. तो कार्यक्रम फार चांगला आहे, पण स्पॅनिश येणाऱ्यांसाठी केलेला आहे. याउलट १९९२ सालची 'देस्तिनोस' ही ५२ भागांची अमेरिकी मालिका शिकणाऱ्यांसाठीच बेतलेली होती. पहिल्या भागांत भाषा बेताची आणि पुढे चढत जाणारी, गोष्ट मात्र पहिल्यापासून मोठ्यांची. जुनी दिसते, कपडे बघून हसू येतं, तरी क्रमानं ऐकायला आजही तिच्याइतकं नीट रचलेलं फार थोडं सापडेल.

तरीही कळणारा मजकूर भरपूर ऐकणं पुरेसं का नाही? कारण गोष्ट कळणं आणि शब्द ऐकू येणं यांत फट राहते. चित्रावरून, प्रसंगावरून, दोन ओळखीच्या शब्दांवरून अर्थ लावण्यात माणूस पटाईत असतो. दादरच्या फलाटावर कर्णा कितीही खरखरला तरी रोजच्या प्रवाशाला घोषणा कळते, कारण काय सांगितलं जाणार ते त्याला ठाऊक असतं. तीच घोषणा नव्या माणसाला कळत नाही. वर्गातला 'ऐका आणि प्रश्नांची उत्तरं द्या' हा प्रकारही असाच अंदाजावर सुटतो. ब्रिटिश अभ्यासक जॉन फील्ड यांनी २००८च्या आपल्या पुस्तकात या पद्धतीवर नेमकं बोट ठेवलं: तिच्यात ऐकण्याची परीक्षा होते, ऐकायला शिकवलं जात नाही. उत्तर चुकलं तर विद्यार्थ्याला गुण कमी मिळतात, कान कुठे फसला ते कळत नाही. म्हणून दिवसाच्या ऐकण्याचे दोन भाग करावेत. मोठा भाग रमत-गमत ऐकण्याचा, गोष्टीसाठी. छोटा भाग, दहा-पंधरा मिनिटांचा, एकाच मिनिटभराच्या तुकड्यावर: आधी मजकूर न पाहता दोन-तीनदा ऐकणं, मग त्यातली चार-पाच वाक्यं देवनागरीत उतरवणं, मग छापील मजकुराशी ताडून पाहणं, आणि शेवटी मजकूर बाजूला ठेवून पुन्हा ऐकणं. या शेवटच्या ऐकण्यात आधी न सापडलेले शब्द सुटे होऊन कानावर येतात. कंटाळा येतो तोही इथेच, आणि बरेच जण नेमकं हे शेवटचं ऐकणं गाळतात.

उपशीर्षकांबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. मिटेरर आणि मॅक्वीन यांचा २००९चा प्रयोग इथे कामाला येतो. डच माणसांना त्यांनी अनोळखी धाटणीचं, म्हणजे स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन इंग्रजी असलेल्या चित्रफिती दाखवल्या; काहींना इंग्रजी अक्षरांसह, काहींना डच अक्षरांसह, काहींना नुसत्याच. इंग्रजी अक्षरं वाचलेल्यांचा कान त्या धाटणीला सरावला. डच अक्षरं वाचलेल्यांना मात्र त्याच बोलणाऱ्यांची नवी वाक्यं ओळखणं जड गेलं. ती माणसं नवशिकी नव्हती, हे ध्यानात ठेवून एवढं म्हणता येईल: इंग्रजी किंवा मराठी अक्षरं वाचत स्पॅनिश मालिका बघणं ही करमणूक आहे, सराव नव्हे. स्पॅनिश अक्षरं वाचत बघणं हा सराव आहे, फक्त नंतर तोच प्रसंग अक्षरं बंद करून पुन्हा बघितला पाहिजे.

दुसरा आक्षेप उलट दिशेनं येतो. कानाचंच एवढं महत्त्व असेल तर बोलणं लांबणीवर टाकावं, आधी काही शेकडो तास नुसतं ऐकावं. कळणाऱ्या मजकुराच्या काही पुरस्कर्त्यांचं हेच म्हणणं आहे, आणि अकाली बोलल्यानं उच्चार कायमचे बिघडतात अशी भीतीही त्यामागे आहे. कॅनडातला दाखला वेगळं सांगतो. तिथल्या इंग्रजी घरांतल्या मुलांना शाळेत विषय फ्रेंचमधून शिकवले गेले. वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून त्यांचं समजणं फ्रेंच मुलांच्या जवळ पोचलं, बोलणं मात्र मागे राहिलं. त्यावरून मेरिल स्वेन यांनी १९८५ साली मांडलं की बोलायची वेळ आल्याशिवाय आपल्याला काय येत नाही याचा पत्ता लागत नाही. ऐकताना क्रियापदाची शेपटी निसटली तरी चालून जातं. बोलताना ती घालावीच लागते, आणि एकदा घालावी लागली की पुढच्या वेळी ऐकताना कान तिच्याकडे वळतो. त्यातून संभाषणाचं गणित असं की ऐकणं संपल्यावर बोलणं सुरू होत नाही. २००९ साली दहा भाषांचा अभ्यास झाला, त्यात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातलं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास भरलं. एवढ्यात कुणीही वाक्य जुळवू शकत नाही. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर तयार होत असतं. ज्याचं सगळं लक्ष शब्द सुटे करण्यात खर्ची पडतं त्याच्याकडे उत्तरासाठी काही उरत नाही. आपल्याला बोलता येत नाही, असं त्याला वाटतं. त्याचं कारण पुष्कळदा हे असतं.

म्हणून बोलण्याचा सराव ऐकलेल्याच तुकड्यांवर करावा. श्रुतलेखन झालेलं मिनिट पुन्हा लावून आवाजाच्या मागोमाग, अर्ध्या शब्दाच्या अंतरानं तोच मजकूर म्हणत जायचा. दुभाष्यांच्या प्रशिक्षणातून आलेली ही पद्धत जपानमधल्या इंग्रजीच्या वर्गांत पुष्कळ वापरली गेली आहे. 'वासासे' हा सांधा स्वतःच्या जिभेनं चार वेळा घडवला की तो कानाला परका राहत नाही. त्यानंतर तो मजकूर आपल्या शब्दांत सांगायचा, मग तोच पुन्हा थोड्या कमी वेळात. विषय तोच, वाक्यं तीच, फक्त वेळ आखडत नेलेला. पॉल नेशन यांच्यासारख्या अभ्यासकांनी ओघ यावा म्हणून सुचवलेला प्रकार याच धर्तीचा आहे. नव्या विषयावर उत्स्फूर्त बोलायला लावणारे वर्ग उत्साहाचे असतात, पण नवशिक्याला त्यात मुख्यतः इंग्रजी शब्द शोधायची सवय लागते.

बोलायचं कुणाशी, हा प्रश्न महाराष्ट्रात खराच आहे. फ्रेंच, जर्मन, जपानीच्या मानानं इथे स्पॅनिश बोलणारी माणसं कमी भेटतात, आणि वर्गातले दोन मराठी विद्यार्थी एकमेकांशी जे स्पॅनिश बोलतात ते एकमेकांना चटकन कळतं, कारण ते सांधेच करत नाहीत. पडद्यावरून शिकवणारे कोलंबियन किंवा मेक्सिकन शिक्षक आता सहज मिळतात, कृत्रिम बुद्धिमत्तेचे बोलके साथीदारही आलेत. त्या साथीदारांचा उपयोग घोकंपट्टीला चांगला. न कंटाळता शंभर वेळा तेच सांगतात. पण ते आपलं मोडकं वाक्य समजून घेतात आणि आपल्याला समजेल असंच बोलतात, तेव्हा 'मला कळलं नाही' असं म्हणायची वेळ क्वचित येते. आणि संभाषणाचा खरा अभ्यास त्या वेळेतच असतो. युरोप परिषदेनं २००१ साली भाषाज्ञानाच्या ज्या पातळ्या आखल्या, त्यांतल्या पहिल्या पातळीच्या वर्णनातच समोरचा माणूस संथ बोलेल आणि मदत करेल हे गृहीत धरलेलं आहे. म्हणजे 'मास देस्पासिओ, पोर फावोर', जरा हळू बोला, असं म्हणणं हे नापास होणं नसून त्या पातळीवरचं अपेक्षित काम आहे. ही मदत मागणारी चार-पाच वाक्यं स्टेशनच्या प्रश्नाआधी पाठ व्हायला हवीत: पुन्हा सांगाल का, याचा अर्थ काय, आणि सर्वांत उपयोगी म्हणजे ऐकलेलाच शेवटचा तुकडा प्रश्नाच्या सुरात परत म्हणणं. 'आ ला इस्किएर्दा?', डावीकडे? असं मोडकंतोडकं विचारलं तरी समोरचा फक्त तेवढंच दुरुस्त करून सांगतो. मेक्सिकोत नुसतं 'मांदे?' म्हटलं की झालं. आपल्या 'काय म्हणालात?'सारखं, अदबीचं.

तसेच भरतीचे शब्द. पुएस, ब्वेनो, ओ सेआ, आ बेर, मेक्सिकोत एस्ते. आपण बोलताना 'म्हणजे', 'बरं का', 'तर मग' पेरतो तसे हे पेरलेले असतात. पाठ्यपुस्तकांतल्या संवादांत ते बहुधा गाळलेले असतात, म्हणून नवशिका प्रत्येक 'ओ सेआ'पाशी थांबून अर्थ लावू पाहतो. ते ओळखता आले की ऐकणाऱ्याला फुकटची विश्रांती मिळते; स्वतः वापरता आले की विचार करायला दोन क्षण मिळतात.

परीक्षेचा विचार करणाऱ्यांसाठी एक व्यवहारी मुद्दा. इन्स्तितुतो सेर्वान्तेसच्या देखरेखीखाली होणाऱ्या 'देले' परीक्षेत पहिल्या पातळीवर चार विभाग असतात आणि त्यांचे दोन गट: वाचन-लेखनाचा एक, श्रवण-संभाषणाचा दुसरा. प्रत्येक गटात पन्नासपैकी किमान तीस गुण स्वतंत्रपणे लागतात. वाचनात पैकीच्या पैकी मिळवून ऐकण्याची तूट भरून काढता येत नाही. परीक्षा घेणाऱ्यांनी कान आणि तोंड एका दाव्याला बांधले आहेत, ते उगाच नाही.

शब्दसंग्रह आणि व्याकरण कच्चं असताना या सगळ्याला अर्थ काय, असं कुणी विचारेल. त्यात तथ्य एवढंच की माहीत नसलेला शब्द कितीही स्पष्ट ऐकू आला तरी कळणार नाही. पण नवशिक्याच्या न कळलेल्या वाक्यांची यादी करून बघावी: त्यातले बरेचसे शब्द त्याला छापील रूपात आधीच माहीत असतात. नवे शब्द गोळा करण्याआधी हे ओळखीचे शब्द कानात आणणं स्वस्त पडतं. आणि नवा शब्द शिकायचाच तर आवाजासकट, एखाद्या वाक्यात जोडलेला शिकावा. सुटा छापील शब्द म्हणजे पुढच्या गोंधळाची बेगमी.

राहिला प्रश्न कुठली स्पॅनिश ऐकायची. वीसेक देशांची राजभाषा आणि जवळपास पन्नास कोटी लोकांची मातृभाषा असलेली ही भाषा एका सुरात बोलली जाणं शक्य नाही. सुरुवातीला एकच धाटणी धरावी, आणि तिची निवड भावनेनं न करता व्यंजनं पाहून करावी. मेक्सिको सिटी किंवा बोगोता यांसारख्या उंचावरच्या शहरांतल्या बोलण्यात शब्दाच्या शेवटचा स टिकून राहतो, म्हणून तिथून सुरुवात करणं कानाला सोपं. माद्रिदचं बोलणंही स्पष्ट आहे. तिथे 'ग्रासियास'मधला पहिला स जीभ दातांमध्ये आणून उच्चारतात. आपले लोक तो थ म्हणून लिहितात आणि मग तसाच म्हणतात. थ-मध्ये हवा अडून सुटते, त्या ध्वनीत ती घासत जाते, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. ब्वेनोस आइरेसमध्ये रस्त्याला 'काये' न म्हणता 'काशे' म्हणतात. हा बदल नियमित असल्यानं त्याची सवय लवकर होते. जड जातो तो कॅरिबियन बेटांचा, व्हेनेझुएलाचा, चिलीचा आणि दक्षिण स्पेनचा उच्चार, कारण तिथे अक्षराच्या शेवटचा स नुसत्या ह-इतका उरतो किंवा पार नाहीसा होतो. अनेकवचन त्या स-वर, 'तू'ची क्रियापदं त्या स-वर, आणि आपण इतका वेळ ज्या सांध्यांची ओळख करून घेतली त्यांतले निम्मे त्याच स-वर उभे. 'मास ओ मेनोस' म्हणजे 'कमी-अधिक'. हवानाच्या रस्त्यावर त्याचं 'मा ओ मेनो' होतं. त्यामुळे या धाटणीकडे वळायचं ते पहिली धाटणी श्रुतलेखनात फारशी न चुकता उतरू लागल्यावर. वळल्यावर पहिले काही दिवस पुन्हा एका मिनिटाच्या तुकड्यापासूनच सुरुवात करावी लागते, फक्त या वेळी तो तुकडा लवकर सुटतो.